मधली वायर

आयुष्यभर मी काय काम केलं, हे मला आजवर कुणालाही एका दमात सांगता आलेलं नाही. मुलगी बघायला गेलो तेव्हा सासऱ्यांना सांगता आलं नाही, बँकेच्या मॅनेजरला सांगता आलं नाही. "कॉम्प्युटरमध्ये आहे" म्हटलं की लोक घरचा टीव्ही बघून जा म्हणतात. खरं काम असं, की एका कंपनीत दोन यंत्रं असतात, ती वेगवेगळ्या माणसांनी एकमेकांना न विचारता आणलेली असतात आणि साहजिकच एकाचं दुसऱ्याला काही कळत नाही. मी त्या दोघांच्या मध्ये बसणारा प्रोग्राम लिहायचो. ह्याचं म्हणणं त्याला समजेल असं करून पोचवायचं आणि त्याचं उत्तर ह्याला आणून द्यायचं. पुढे ह्या हमालीला मिडलवेअर असं भारदस्त नाव मिळालं आणि त्या नावावर मी निवृत्तीपर्यंत पगार घेतला. सुरुवात मात्र झाली ती रत्नागिरीत, मिरजोळ्याच्या एमआयडीसीतल्या एका आमरसाच्या कारखान्यात, ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हा.

आमच्या वाडीत मुलगे मुंबईला जायचे, परत येत नसत. मी मुंबईत कॉम्प्युटरचा कोर्स करून परत आलो, तेव्हा लोक धरूनच चालले की मी नापास झालो. परत येण्याचं कारण आई होती. वडील बोटीवर होते, त्यामुळे तिचा संसार पत्रांवरच झाला. ते नोकरी संपवून घरी आले आणि वर्षभरात गेले. मग मी शिकायला मुंबईला, म्हणजे पुन्हा पत्रं. सुट्टीत आलो की ती माझ्यासमोर बसून मी जेवताना बघत राहायची, आणि मला घास उतरत नसे. ह्या बाईसमोर रोज रात्री एक माणूस जेवायला बसलेला असावा, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा होती. कारखान्यात प्रोग्रामरची जागा निघाली म्हटल्यावर मी दुसऱ्या दिवशी दारात उभा होतो.

शेठ मुंबईत राहत. त्यांनी मला स्पष्ट सांगितलं, "खाली स्टोअर्सला एक मशीन आहे, वर अकाउंट्सला एक. दोन्हींवर पैसे घातलेत आणि आकडे जुळत नाहीत. सीझन सुरू व्हायच्या आत मशीनं जोडलीत तर तुमची नोकरी पक्की. नाहीतर तुमचा माझा राम राम." मी मान डोलावली. मशीनं का जुळत नाहीत हे मी विचारलं नाही. ते विचारायला हवं, हे शिकायला मला पुढली सगळी नोकरी लागली.

स्टोअर्सचे प्रमुख आणि अकाउंट्सचे प्रमुख हे सख्खे भाऊ होते. थोरल्यांना सगळा कारखाना दादा म्हणे, धाकट्यांना भाऊ. वडील वारल्यावर दोघांच्या घरांमधला दगडी गडगा नव्याने रचला गेला, तो हापूसच्या एका कलमाच्या अलीकडून जावा की पलीकडून ह्यावरून बिनसलं, आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. त्यांच्या बायकांनी तर हे भांडण नवऱ्यांपेक्षाही जास्त निष्ठेनं चालवलं होतं. दोघे एकाच कंपनीच्या बसने येत, एक पुढच्या दारातून चढे, दुसरा मागच्या. दादांनी आपलं मशीन मुंबईहून आणवलं म्हणून भाऊंनी आपलं पुण्याहून. एकाला ताटलीएवढी फ्लॉपी लागे, दुसऱ्याला बशीएवढी, आणि एकाची दुसऱ्यात जात नसे.

तेव्हा दोन्ही मशीनं जोडणारी वायर येईपर्यंत मधली यंत्रणा मी स्वतः होतो. सकाळी दादांच्या मशीनवरचे आकडे कागदावर उतरवायचे, अंगण ओलांडून जिना चढायचा, ते भाऊंच्या मशीनवर पुन्हा मारायचे. प्रोग्रामरला शोभेल असं हे काम नाही, असं माझं मत होतं आणि ते मी चेहऱ्यावर बाळगून असे. शिवाय कागदाबरोबर फुकटचे निरोप न्यावे लागत.

"वर बसून नुसता चहा ढोसत असेल," दादा सुपारी कातरत म्हणायचे. "जेवला काय तो? औषध घेतलंन काय, बघून ये जरा. मला काय करायचंय म्हणा."

वर गेलं की भाऊ चष्मा पुसत विचारायचे, "खाली धूळ उडवत बसलेत ना? खोकला आहे अजून? नाही, म्हटलं, स्टोअर्सचं काम अडायला नको."

मला वाटे हे दोघे एकमेकांच्या चुका शोधायला माझा वापर करतायत. मी चिडखोर माणूस आहे, अजूनही आहे. मी दोन्हीकडे "माहीत नाही, बघतो" एवढंच तोडून सांगत असे आणि दुसऱ्या खेपेला बघून येत असे, कारण नाही सांगितलं तर कागदावर सही मिळत नसे.

शेवटी वायर आली. अंगणाखालून पाइप घालून ती स्टोअर्सपासून अकाउंट्सपर्यंत नेली. एवढ्या लांबीला ती चालणार नाही असं पुस्तकात लिहिलं होतं, पण मी वेग अगदी कमी ठेवला. अक्षरं एकेक करून, चालत गेल्यासारखी जात. पहिल्या दिवशी खाली मारलेले आकडे वरच्या पडद्यावर उमटले तेव्हा मला इतका आनंद झाला की मी जिन्यावरून दोन पायऱ्या गाळून उतरलो. घरी आईला सांगितलं, "आता नोकरी पक्की." तिने पानात अजून एक माशाची तुकडी वाढली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला वायर बंद पडली. तिसऱ्या दिवशीही. कागद हातात घेऊन मी पुन्हा जिना चढायला लागलो. मी खाऱ्या हवेला दोष दिला आणि वायरच्या पिना घासून चकचकीत केल्या. मग उंदरांना दोष दिला. मग विजेच्या दाबाला. मग प्रोग्राम पुन्हा पहिल्यापासून लिहिला, आणि तो आधीपेक्षा खरंच चांगला झाला, पण अकरा वाजले की मुकाट. शेठ येण्याचा दिवस ठरला होता. आई शेजारपाजारी मुलगा इथंच राहणार म्हणून सांगून बसली होती. मला जेवण जाईना, आणि ते तिच्या समोर बसूनच जात नसल्याने तिलाही जाईना.

मग एका सकाळी मी चहाला जातो असं सांगून रिकाम्या डब्यांच्या थप्पीमागे उभा राहिलो. दादांनी इकडेतिकडे बघितलं, उठले, मशीनमागे वाकले, आणि पायातला काटा काढावा तशी हलक्या हाताने वायरची पीन ओढून काढली. मग जागेवर बसून ओरडले, "अरे, बंद पडलं बघ तुझं यंत्र! जा, कागद घेऊन वर जा!"

मी थप्पीमागून बाहेर आलो. काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. माझी नोकरी, माझी आई, तुमचा गडगा, सगळं काढलं. दादा खाली मान घालून ऐकत होते. माझा दम संपल्यावर म्हणाले, "गेल्या पावसात त्याच्या छातीत दुखलं. मला चार दिवसांनी कळलं, ते पण बसच्या ड्रायव्हरकडून. भिंतीपलीकडे राहतो मेला." मग मशीनकडे हात केला. "हा तुझा डबा वर सगळं सांगेल. रसाचे डबे किती, झाकणं किती. जेवला काय ते सांगेल?"

"वायर चालू राहू दे. मी रोज वर जाऊन बघून येईन," मी म्हटलं.

"उगाच कसा जाशील?" दादा वैतागून म्हणाले. "उगाच गेलास तर कळेल ना त्याला, मी पाठवला म्हणून!"

ह्यावर माझ्या कोर्समध्ये काही शिकवलेलं नव्हतं. पण शेठ येतील त्या दिवशी वायरला हात लावणार नाही, असं दादांनी कबूल केलं. सुपारीचं खांड हातावर ठेवून कबूल केलं, म्हणजे ते शपथेसारखंच होतं.

शेठ आले. मी त्यांना वर अकाउंट्समध्ये भाऊंच्या मशीनसमोर बसवलं आणि गॅलरीतून खाली हाक दिली, "दादा, मारा!" खाली कळफलकाचा आवाज झाला. वर पडदा कोरा. पुन्हा हाक दिली. पडदा कोराच. शेठनी घड्याळाकडे पाहिलं. तेवढ्यात खालून दादांचा आवाज आला, "मी नाय हां काढलीय! देवाशपथ!"

मी भाऊंकडे बघितलं. भाऊ छताकडे बघत होते. मी मशीनमागे वाकलो, तर पीन भोकातून निघून भाऊंच्या खुर्चीच्या पायाशी पडलेली.

"सकाळपासून खोकतायत ते," भाऊ माझ्या कानाशी पुटपुटले. "इथपर्यंत ऐकू येतंय. मला वाटलं, वायर बघायला तू खाली जाशीलच."

माणसाने निदान शेठसमोर तरी डोकं शांत ठेवावं. मी गॅलरीत गेलो आणि सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल असा ओरडलो, "दादा! भाऊंनी वायर काढली, तुमचा खोकला कसा आहे ते विचारायला! आणि भाऊ, रोज दादा काढत होते, तुम्ही जेवलात का ते विचारायला! मी दमलो. आता तुमचं तुम्ही विचारा!"

डबे धुणाऱ्या बायका हात थांबवून बघायला लागल्या. दादा स्टोअर्समधून अंगणात आले. भाऊ गॅलरीत माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. मग दादांनी घसा खाकरला आणि वर बघून म्हणाले, "काय रे, जेवलास काय?"

"सकाळी अकराला कोण जेवतं?" भाऊ म्हणाले.

"मग औषध?"

"घेतलं. तुम्ही तो खोकला डॉक्टरला दाखवा आधी. आणि तुमची झाकणं दरवेळी कमी कशी भरतात हो?"

"कमी? तू मोजतोस चुकीचं!"

आणि मग दोघे जे सुटले ते सुटलेच. झाकणांवरून रसाच्या डब्यांवर आले, डब्यांवरून कलमावर, कलमावरून वडिलांच्या दिवसकार्यावर, आणि फिरून झाकणांवर. मध्येच भाऊंचे डोळे भरलेले मी पाहिले. दादा खालून आकडे ओरडत होते, भाऊ वर लिहून घेत होते. बऱ्याच महिन्यांत न जुळलेला साठा त्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीपर्यंत, शेवटच्या डब्यापर्यंत जुळला.

शेठ खुशीत होते. जुळलेल्या आकड्यांवर बोट फिरवत म्हणाले, "वा! काम तर गॅलरीतूनच होतंय." मग माझ्याकडे बघून, अगदी मायेनं म्हणाले, "मग वायर कशाला? आणि तुम्ही तरी कशाला? तुमच्यासारख्या हुशार माणसाने मुंबईत असावं." त्यांनी तिथल्या एका ओळखीच्या कंपनीसाठी मला चिठ्ठी लिहून दिली. तिथे दोन यंत्रं होती, आणि ती एकमेकांशी बोलत नव्हती.

एसटी स्टँडवर दादा आणि भाऊ दोघेही मला पोचवायला आले होते, एकाच रिक्षातून. माझ्यासाठी शेठकडे शब्द टाकणं कुणाचं काम होतं ह्यावरून त्यांची जुंपली होती. गाडी हलली तेव्हा ते पाठमोरे होते. आई खिडकीखाली उभी होती. तिने "पत्र टाक" एवढंच म्हटलं, सवयीनं.

मुंबईतली पहिली नोकरी लागल्यावर मी पत्रांऐवजी फोन करायचं ठरवलं. आपण आता आधुनिक माणूस. वाडीत फोन एकच, नाक्यावरच्या वाण्याकडे. आधी पत्राने कळवून ठेवलं आणि रविवारी सकाळी एसटीडी बूथमधून नंबर लावला. वाणी म्हणाला, आई येऊन बसलीय, पण रिसीव्हर हातात घ्यायला तयार नाही, त्यात माणूस दिसत नाही म्हणते. तू मला सांग, मी तिला सांगतो.

मी नव्या नोकरीचं सांगितलं. वाण्याने तोंड फिरवून ते तिला सांगितलं, थोडं आपल्या पद्धतीनं बदलून. मागे तिचा आवाज आला. शब्द कळले नाहीत, आवाज कळला.

"विचारतेय," वाणी म्हणाला, "जेवलास काय?"

बूथमधल्या घड्याळात अकरा वाजत होते. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं.

"जेवलो म्हणून सांगा," मी म्हटलं.