इंडोनेशियाच्या व्हिडिओतली मामी

टँकरच्या रबरी पाइपाचा वास आला, की मला दुष्काळातला आमचा गारखेडा आठवतो. शेंद्र्याला मेंढरं चारायचं रान कंपन्यांखाली गेलं, तेव्हा मामा-मामी आमच्या शेजारी राहायला आले होते. एके सकाळी टँकरपाशी रेटारेटीत मामीचा पाय घसरला, डोक्यावरचा भरलेला हंडा पडला आणि ती चिखलात बसून रडायला लागली. कुणीतरी ते मोबाइलवर टिपून पसरवलं. काही दिवसांनी मामेबहीण कॉलेजातून रडवेली होऊन आली. इंडोनेशियातल्या एका विनोदी पोरानं आपल्या व्हिडिओत मामीची नक्कल केली होती. पडद्याच्या अर्ध्या भागात मामी आणि उरलेल्या अर्ध्यात तो, साडीसारखं कापड गुंडाळून, डोक्यावर बादली घेऊन धपकन पडणारा. मागं त्यांच्याकडचं ठेक्याचं गाणं वाजत होतं. ‘मैत्रिणी मलाच पाठवायल्यात गं आई,’ ती म्हणाली. मामीनं फोन हातात घेतला. तो पोरगा पडला, उठला, नवी बादली भरून पुन्हा पडला. पाणी हिरव्यागार अंगणातून नुसतं वाहत गेलं. ‘माझी लई थट्टा कर म्हणावं त्याला,’ मामी शेवटी म्हणाली, ‘पर बादली तेवढी रिकामी घे.’ मामेबहिणीनं व्हिडिओखाली मराठीतच तसं लिहिलं. परवा मी तो व्हिडिओ शोधून काढला. त्या ओळीखालीही कुणीकुणी हसरे चेहरे टाकून ठेवलेत.