प्रेक्षक गॅलरीतले भावोजी

महापालिकेवर मनापासून प्रेम करणारा माणूस सबंध पुण्यात मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या पदरी पडला. बाकीचे पुणेकर टॅक्स भरतात तो नावं ठेवण्याचा हक्क शाबूत राहावा म्हणून. आमचे भावोजी टॅक्स भरत आणि वर महापालिकेच्या सभा ऐकायला जात. नगरसेवक दांड्या मारत, अधिकाऱ्यांना ऐन सभेच्या दिवशी ताप येई, पत्रकार चहाला म्हणून उठत ते परत येत नसत. पण वर प्रेक्षक गॅलरीत, दुसऱ्या रांगेत, खांबाशेजारच्या खुर्चीत भावोजी बसलेले असत. त्या खुर्चीतून महापौरांचं अर्धंच तोंड दिसतं. भावोजींचं म्हणणं असं, की आपण ऐकायला जातो, तोंड बघायला नाही.

या प्रेमाची सुरुवात ड्रेनेजपासून झाली. तेव्हा ते विमा कंपनीत नोकरीला होते आणि कसबा पेठेतल्या एका बोळात राहत होते. अजूनही तिथेच राहतात. बोळातली ड्रेनेजची लाइन बदलण्याचा विषय मुख्य सभेपुढे यायचा होता, म्हणून अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते नव्या पुलावरून चालत महापालिकेत गेले. विषय ‘एक महिना पुढे’ गेला. पुढच्या महिन्यात भावोजीही पुन्हा गेले, विषय आणखी पुढे गेला, आणि असं करता करता त्यांना गोडी लागली. एका संध्याकाळी सभेहून घरी आले, तर ताईनं बातमी दिली, “अहो, लाइन बदलली बरं का आज. दुपारी माणसं आली होती, खणून, पाइप टाकून गेलीसुद्धा.” भावोजींचा चेहरा पडला. “विषय मंजूर झालेला नाही,” ते म्हणाले. “मग काम झालं कसं?” ताई सांगायची, बोळात सगळ्यांनी पेढे वाटले आणि हे दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

सभेच्या दिवसाचं त्यांचं सोवळं काही वेगळंच. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि पिशवीत पोळीभाजीचा डबा. गॅलरीत खायला मनाई म्हणून डबा बाहेर जिन्यावर बसून खायचा, तोही सभेला जेवणाची सुट्टी झाल्यावर. सभागृह उपाशी आणि आपण जेवतो, हे त्यांच्या मनाला पटायचं नाही. गॅलरीत बोलायचं नाही हा नियम तर त्यांनी अंगात भिनवून घेतला होता. शेजारी कुणी कुजबुजलं तरी ते ओठांवर बोट ठेवून असं बघत, की नगरसेवकांच्या आरडाओरड्यापेक्षा त्या बघण्याचीच भीती वाटावी. एकदा नव्यानं हद्दीत आलेल्या एका गावच्या बायका रिकामी घागर घेऊन गॅलरीत आल्या आणि त्यांनी घोषणा सुरू केल्या. भावोजी उठून अदबीनं म्हणाले, “बाई, घागर असू द्या, पण आवाज करू नका. आपण इथे ऐकायला आलोय.” त्यातली एक म्हणाली, “नुसतं ऐकून घागर भरती व्हय, आजोबा?” भावोजी परत आपल्या खुर्चीत जाऊन बसले. पण घरी येऊन त्यांनी ताईला सांगितलं, की प्रश्न योग्य होता, पद्धत चुकली.

ही पद्धत मग घरातही आली. ताईनं “आज भाजी कुठली करू?” विचारलं, की हे म्हणत, “आयत्या वेळचा विषय घेता येणार नाही.” त्यांच्या मुलाच्या, म्हणजे माझ्या भाच्याच्या, लग्नाची बोलणी चालू होती, दोन्हीकडची मंडळी तारखेवर एकमत करून सुपारी फोडणार, तेवढ्यात भावोजींनी घसा खाकरून सांगितलं, “माझी एक उपसूचना आहे.” मुलीचे वडील अजून मला विचारतात, की उपसूचना होती तरी काय. पंगतीत मठ्ठा जेवणाच्या आधी द्यावा की नंतर, एवढीच ती होती. ती मताला टाकण्यात आली आणि फेटाळली गेली. भावोजींनी निकाल मान्य केला आणि लग्नात मठ्ठ्याला स्पर्शही केला नाही.

पण सभेतली एक गोष्ट त्यांना मुळीच सोसत नसे, ती म्हणजे श्रद्धांजली. कुणी माजी नगरसेवक वारला, कुणी मोठा माणूस गेला, की सभा सुरू होताच शोकप्रस्ताव यायचा, सगळे दोन मिनिटं उभे राहायचे, आणि मग कुणीतरी म्हणायचं की दिवंगताच्या सन्मानार्थ आजची सभा तहकूब करावी. ही सूचना मात्र कधी, कुणीही फेटाळली नाही. पाण्याचा, कचऱ्याचा, रस्त्याचा विषय तसाच राहायचा आणि भावोजी न उघडलेला डबा घेऊन परत यायचे. “मेलेल्यांच्या पायी जिवंतांची कामं अडतात,” असं त्यांनी वर्तमानपत्रांना कितीदा तरी कळवलं. सभेच्या दिवशी सकाळी ते पेपर उघडत ते थेट निधनवार्तांच्या पानावर, आणि “कुणी गेलं नाही” असं म्हणून चहाचा पहिला घोट घेत. शहरातल्या यच्चयावत माजी नगरसेवकांच्या तब्येतीची काळजी त्यांच्या घरच्यांनी वाहिली नसेल एवढी भावोजींनी वाहिली. एक वयस्कर माजी महापौर आजारी होते, तर ओळख ना पाळख, हे दवाखान्यात भेटायला गेले, हात हातात घेऊन बसले आणि म्हणाले, “गुरुवारपर्यंत तरी सांभाळा.” त्या बिचाऱ्यांना वाटलं, गुरुवारी काही धार्मिक योग असेल. गुरुवारी मुख्य सभेत समान पाणीवाटपाचा विषय होता.

ताई महापालिकेच्याच शाळेत शिकवायची. पेठांमधल्या आणि नदीपलीकडच्या वस्त्यांमधल्या मुलांना तिनं उभं आयुष्य अक्षरओळख करून दिली आणि मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली. हसरी, फटकळ, आणि नवऱ्याला बरोबर ओळखून असलेली. एकदा माझ्यासमोरच ती त्यांना म्हणाली, “काय हो, मीही महापालिकेचीच. मी गेले की तुमच्या त्या सभेत माझं नाव घेतील का?” भावोजी पेपर खाली न ठेवता म्हणाले, “चालायचं नाही. तुझ्यामुळे सभा तहकूब होईल.” आम्ही तिघंही हसलो. ती खूप हसली.

नगरसेवकांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि महापालिकेवर प्रशासक आले, त्यानंतर थोड्याच दिवसांत ताई गेली. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेली आणि तिथून परत आली नाही. तेराव्याला भावोजी मला बाजूला घेऊन म्हणाले, “अगं, सभाच नाही आता.” मला वाटलं, दुःखानं काहीतरी बरळतायत. मग कळलं. ते त्याच आठवड्यात महापालिकेत जाऊन चौकशी करून आले होते. तिथल्या कार्यालयातल्या बाईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समजावून सांगितलं, “काका, प्रशासक असताना विषय मंजूर होतात, पण शोकप्रस्ताव कोण मांडणार? त्याला सभासद लागतात.”

तेव्हापासून भावोजी थांबून राहिले. वर्ष गेलं, आणखी गेलं. प्रशासकांच्या बैठकीत विषय झरझर मंजूर होत. तहकुबी नाही, उपसूचना नाही, आरडाओरडा नाही. इतकी वर्षं ज्यासाठी हा माणूस झुरला ते सगळं आता मिळत होतं आणि त्याला ते नको होतं. सभेचा जुना दिवस आला की शर्टाला इस्त्री करायचे, नव्या पुलावरून चालत जायचे, गॅलरीच्या दाराचं कुलूप बघायचे आणि परत यायचे. निवडणुका कोर्टात अडकल्या होत्या, त्या खटल्याला तारीख पडली की मला फोन यायचा. “पुढची तारीख दिली,” एवढंच सांगायचे. भाचा खराडीला मोठ्या फ्लॅटमध्ये राहतो. तो मला म्हणायचा, “मावशी, तू समजाव ना बाबांना. इथे लिफ्ट आहे, गार्डन आहे, सगळं आहे. तिथे एकटे काय करतात? आय मीन, कशाची वाट बघतायत?” मी भावोजींना विचारलं, तर म्हणाले, “खराडीहून सभेला यायचं म्हणजे दोन बस बदलायच्या.” मी म्हटलं, “पण भावोजी, सभा कुठे आहे?” “होईल,” ते म्हणाले. त्या दिवशी त्यांच्या स्वयंपाकघरात मी बघितलं, ताईचा चष्मा फ्रिजवर होता तसाच होता आणि ते एकट्यासाठी दोन कप चहा करत होते. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला, कुणाचा ते सांगता येणार नाही.

शेवटी निवडणुका झाल्या. नव्या नगरसेवकांत ताईचा एक विद्यार्थी निघाला. भावोजी मला घेऊन त्याच्या कार्यालयात गेले. तिथे हारतुऱ्यांचा खच होता. तो उठून भावोजींच्या पाया पडला. “बाईंनी मला दोनदा शाळेतून पळालेला धरून आणलंय, काका. पहिलं नाव बाईंचंच. तुम्ही निर्धास्त राहा.” भावोजी म्हणाले, “एक विनंती आहे. त्या कारणानं सभा तहकूब करू नका. तिला आवडणार नाही.” एवढं सांगून ते चहाला न थांबता उठले.

महापौरांची निवड फेट्यांत आणि फोटोंत पार पडली. त्यानंतरच्या पहिल्या मुख्य सभेला मी त्यांच्याबरोबर गेले. गॅलरीत खांबाशेजारची खुर्ची नशिबानं रिकामी होती. खाली सगळे नवे चेहरे, एकमेकांचे सेल्फी काढत होते. शोकप्रस्ताव मांडायला एक सभासद उठले. मध्ये काही वर्षं सभाच भरली नव्हती, त्यामुळे गेलेल्यांची यादी भली लांब होती. त्यांनी माजी महापौर वाचले, माजी नगरसेवक वाचले, कलावंत, उद्योगपती वाचले. चुळबुळ सुरू झाली. कुणीतरी खालून म्हणालं, “आवरा, विषय खूप आहेत.” ते सभासद चष्मा काढून म्हणाले, “वेळेअभावी सगळी नावं घेता येत नाहीत. या काळात दिवंगत झालेल्या सर्व ज्ञात-अज्ञात नागरिकांना हे सभागृह श्रद्धांजली अर्पण करत आहे.” ताईचा विद्यार्थी मान खाली घालून मोबाइलकडे बघत होता. सगळे उभे राहिले. आम्हीही राहिलो.

सभागृह शांत झालं. मी भावोजींकडे बघायचं टाळत होते. आणि त्या शांततेत माझ्या शेजारून आवाज आला, “कुसुम.” लग्नानंतर इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून माझ्या बहिणीचं नाव ऐकलं नव्हतं, ते तिला ‘अगं’ म्हणत. मग त्यांनी ते पुन्हा घेतलं, आडनावासकट, मोठ्यानं, आणि पुढे म्हणाले, “निवृत्त मुख्याध्यापिका. अज्ञात नाहीत.” खालच्या काही माना वर वळल्या. महापौरांनी भुवया उंचावल्या. गॅलरीतला सुरक्षारक्षक लगबगीनं आला. तो जुना, भावोजींना ओळखणारा. त्यानं त्यांच्या दंडाला हात लावला आणि हळूच म्हणाला, “काका, तुम्हीसुद्धा?” भावोजी म्हणाले, “बरोबर आहे तुमचं. बाहेर काढा मला.” आणि त्याची वाट न बघता स्वतःच बाहेर पडले.

बाहेर व्हरांड्यात ते भिंतीला टेकून उभे होते. “गॅलरीतलं बोलणं कामकाजात धरत नाहीत,” ते म्हणाले. मग विचारलं, “पण ऐकू गेलं ना खाली?” मी म्हटलं, “गेलं, भावोजी. सगळ्यांना गेलं.” रात्री भाच्याचा फोन आला. त्यानं ऑफिसातून सभेचं थेट प्रक्षेपण पाहिलं होतं. त्यात सगळे उभे दिसतात, पण तेवढा वेळ खालचे माइक बंद होते. आवाज काहीच येत नाही. ही गोष्ट त्यानं आणि मी अजून भावोजींच्या कानावर घातलेली नाही.

भावोजी त्यानंतर सभेला गेलेले नाहीत. ज्यानं गॅलरीत आवाज केला त्यानं या सभागृहाची मुदत संपेपर्यंत तिथे बसू नये, असा निकाल त्यांनी स्वतःविरुद्ध दिला आहे. मी म्हटलं, “अहो, कोण तुम्हाला अडवणार आहे?” तर म्हणाले, “म्हणून नियम मोडायचा?” पाच वर्षांची मुदत आहे आणि त्यांचं वय झालंय, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे, पण आम्ही तो विषय काढत नाही.

आता सभेच्या दिवशी ते माझ्याकडे कोथरूडला जेवायला येतात. पानावर बसले की मला मोबाइलवर सभेची बातमी बघायला लावतात आणि विचारतात, “आज कुणाला?” मी नावं वाचून दाखवते. बहुतेक नावं त्यांना ठाऊकही नसतात. ते हातातला घास ताटात ठेवतात, खुर्ची मागे सारतात आणि टेबलाला धरून उभे राहतात. हल्ली उभं राहायला त्यांना वेळ लागतो. आमटी निवत असते. मी गॅस बंद करते आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहते.