अकराव्या महिन्याचं बाळंतपण

परभणीत तान्ही मुलं दत्तक देणाऱ्या एका संस्थेत मी नोकरीला लागले, तेव्हा समाजकार्याची पदवी नवीकोरी होती आणि डोक्यात तत्त्वं ठासून भरलेली होती. पहिलं तत्त्व, खोटं बोलायचं नाही. ते जेमतेम वर्षभर टिकलं.

झरीचं एक शेतकरी जोडपं आमच्याकडे आलं होतं. लग्नाला दहा वर्षं झालेली, मूल नाही. मुलीसाठी अर्ज दिला त्याच आठवड्यात त्या बाईनं गावात दिवस गेल्याचं सांगून टाकलं आणि पुढं महिन्यांच्या हिशेबानं पोटाला जुन्या लुगड्याच्या घड्या बांधत गेली. हे कळल्यावर आमच्या मोठ्या बाई भडकल्या. "लेकरापासून लपवणार असाल तर अर्ज परत घ्या."

"लेकराला मी सांगन, बाई," ती म्हणाली. "गावाला न्हाई. गावानं एकदा 'आणलेली' म्हणलं की ती म्हातारी होईस्तोवर आणलेलीच राहती."

असलं काही मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. मोठ्या बाईंनी अर्ज परत फायलीत ठेवला.

मधल्या काळात एक मुलगी ठरली, पण ती हगवणीनं खंगली. वजन भरल्याशिवाय डॉक्टर सोडेनात. इकडं नऊ महिने भरले, दहावा सरला, अकरावा लागला. शेवटी गावाची समजूत घालायला मी झरीला गेले, तीही दवाखान्यातली नर्स बनून. एसटीत लोक विद्यापीठाच्या नामांतरावरून हमरीतुमरीवर आले होते आणि मी खिडकीशी बसून थापा पाठ करत होते.

जोडप्याच्या ओसरीवर शेजारची म्हातारी सुपारी कातरत बसली होती. ती गावची सुईण, अर्ध्या गावाची नाळ तिनं कापलेली.

"नर्सबाई, हिला अकरावा लागला. काहून?"

"तारीख चुकली असेल."

"दोन महिन्यानं?"

"काहींना उशीर लागतो."

"लय उशीर," म्हातारी म्हणाली आणि पुन्हा सुपारीला लागली.

चैताचं ऊन होतं. बाई घामानं निथळत होती आणि तिचं पोट डावीकडं सरकलं होतं. तपासायच्या निमित्तानं मी तिला आत नेलं आणि पोट जागेवर बसवून बाहेर आणलं.

मग एकदाचं वजन भरलं. बाळंतपणाला परभणीला जाते म्हणून बाई घरातून निघाली आणि बारशाच्या आदल्या दिवशी मुलगी घेऊन परतली. मुलीला आठवा महिना चालू होता. बारशाला मीही गेले. मी तिला कुंची घालून दुपट्यात घट्ट गुंडाळलं आणि तोंड उघडायचं नाही म्हणून बजावलं. पाळण्यात ठेवल्या ठेवल्या ती हात सोडवून, कड धरून उठून बसली आणि जमलेल्या बायांकडं बघून खदखदा हसली. खाली दोन दात चमकले.

पाळण्याचं गाणं मधेच थांबलं. तिची आई दुपटं सावरायला धावली. मला वाटलं, संपलं सगळं. गाव आता तो एक शब्द उच्चारणार आणि पोरीला तो जन्मभर चिकटणार.

म्हातारी उठली. तिनं बोटानं मुलीचा ओठ खाली ओढून दोन्ही दात नीट तपासले.

"मंग? अकरा महिने आत बसल्यावर दात येणारच की! गाणं काहून बंद केलं गं?"

बाया फिसकन हसल्या आणि पाळणा पुन्हा हलायला लागला. पुढं नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या. मीही दोन मुठी खाल्ल्या.

निघताना म्हातारीनं मला गोठ्याजवळ गाठलं. मी नव्या थापेची जुळवाजुळव करायला लागले, पण तिनं माझा हातच धरला. आवाज एकदम खाली आला होता.

"माझ्या लेकीच्या लग्नाला आठ वर्सं झाली, बाई. तिच्यासाठी बी एक बघा. फकस्त तिला पोट बांधायला लावू नका. या शेजारणीचे उन्हात लय हाल झाले. मला बघवत नव्हतं."