नजरेला नजर शिकवणारी मा ग्वीसून

मा ग्वीसून आमच्याच इमारतीत सातव्या मजल्यावर राहते. खाली माझं तोंडीलावण्यांचं दुकान आहे. किमची, भाजलेले मासे, सोयात मुरवलेली अंडी असं सगळं मी विकते. त्यामुळे या इमारतीत कोण काय खातं आणि कोण कोणाशी बोलत नाही, एवढं मला बसल्या जागी कळतं. ग्वीसूनची खबर मात्र दुकान नसतं तरी कळली असती. तिचा आवाज जिन्यातून खाली येतो.

बावीस वर्षं ती सहलींच्या बसवर मार्गदर्शक होती. म्हाताऱ्याकोताऱ्यांना बसमध्ये घालायचं, आमच्या गुनसान शहरातून निघायचं, कुठे लाल पानं दाखवायची, कुठे मंदिर, वाटेत जिनसेंगच्या औषधी मुळ्यांच्या दुकानात कोंबायचं आणि सगळ्यांना मोजून परत आणायचं. एकदा एक आजोबा कमी भरले, तर तिने माईकवरून अख्खा डोंगर दणाणून सोडला होता. मग साथ आली, बस बंद पडल्या, सहलीची कंपनी बुडाली, आणि त्यातच तिचा उजवा गुडघा गेला.

चौपन्नाव्या वर्षी तिने तीन आठवड्यांचा एक ऑनलाइन वर्ग केला आणि ‘उजळ नजर’ नावाच्या कंपनीत ‘संवाद-मार्गदर्शक’ म्हणून लागली. स्वमग्न मुलांना घरबसल्या पडद्यावरून उपचार देणारी कंपनी. मी विचारलं, तीन आठवड्यांत काय शिकलीस? तर म्हणाली, “ताई, पहिला आठवडा लॉगिन कसं करायचं, दुसरा हसायचं कसं, आणि तिसरा आठवडा सुट्टी होती.”

उपचार असा होता की मुलाने कॅमेऱ्यात बघायचं. बघितलं की पडद्याच्या कोपऱ्यात एक फूल उमलायचं. नजर हलली की फूल मिटायचं. चाळीस मिनिटांत किती फुलं उमलली त्यावरून मूल किती ‘सुधारलं’ ते यंत्र टक्क्यांत सांगायचं. ग्वीसूनने ठरवून दिलेलीच वाक्यं म्हणायची. शब्द बदलला तर यंत्र तिचेही गुण कापायचं. कंपनीचे संचालक मो साहेब स्वतः पूर्वी घरांना लावायचे पडदे विकत असत. माणसाच्या मनाची दारं डोळ्यांतून उघडतात, असं ते प्रत्येक बैठकीत सांगत. पडदेवाल्याला खिडक्यांचं कळतं, दारांचं नाही, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

पहिले दोन महिने ग्वीसूनने काय काय पाहिलं. एका मुलाने तिला चाळीस मिनिटं नुसतं छत दाखवलं. एकाने फोन फ्रीजमध्ये ठेवला; ती अंधारात बसून मुळ्याशी बोलत राहिली आणि ठरलेली वाक्यं म्हटली म्हणून तिला पूर्ण गुण मिळाले. अहवालात ‘काही नाही’ लिहायची सोय नव्हती. मग ती लिहायची, ‘विद्यार्थ्याने परिसरात रस दाखवला.’ मो साहेबांना ते वाक्य फार आवडलं. त्यांनी ते पत्रकात छापलं.

मग तिच्याकडे हेरिन आली. प्योन हेरिन, पंधरा वर्षांची, जोंजूची. ती तोंडाने फारसं बोलत नाही, टाइप करते, आणि एकदा टाइप करू लागली की भल्याभल्यांना आवरत नाही. तिच्या आईने आधी चार ठिकाणं केली होती. पोरगी डोळ्यांत बघत नाही, एवढं एकच दुःख ती बाई सगळ्यांना सांगत असे. हेरिनला काय होतं ते मात्र कोणी विचारलं नव्हतं. डोळ्यांत बघितलं की तिला समोरच्याचं बोलणं ऐकूच येत नाही. दोन्हींपैकी एकच काहीतरी जमतं.

तिसऱ्या तासाला हेरिनची फुलं अशी उमलू लागली की थांबेनात. सत्त्याण्णव टक्के. ग्वीसूनने चष्मा लावून नीट पाहिलं. कॅमेऱ्यासमोर बँकेच्या कॅलेंडरवरची हसरी बाई कापून चिकटवलेली होती, आणि तिच्या मागे, पडद्याच्या कडेला, हेरिनचा कान दिसत होता.

नियमाप्रमाणे हे कळवायला हवं होतं. ग्वीसूनने ठरलेली वाक्यं एका बाजूने म्हणत दुसऱ्या हाताने टाइप केलं, “ही बाई तुझ्यापेक्षा कंटाळवाणी आहे. तू काय करतेयस मागे?”

उत्तर आलं, “ऐकतेय. तुम्ही ‘छान’ हा शब्द आज एकतीस वेळा म्हणालात. एकदाही खरा नव्हता.”

तिथून दोघींचं जमलं. बँकेची बाई फुलं उमलवत राहिली आणि मागे या दोघींच्या गप्पा चालू. हेरिनला पूर्व किनाऱ्यावर उल्जिनला मावशीकडे जायचं होतं. मावशीची तिकडे खेकड्यांची खानावळ आहे, आणि ती हेरिनला प्रश्न न विचारता शेजारी बसवून घेते. पण सहा वर्षांत जाणं झालं नव्हतं. महामार्गावरच्या थांब्यांत, शौचालयात, हात वाळवायची यंत्रं असतात. त्यांचा तो घूं आवाज सुरू झाला की हेरिन कानांवर हात दाबून खाली बसते आणि मग तिथून हलत नाही. शेवटच्या प्रवासात ती दोन तास तशी बसली होती. आईने त्यावरून निष्कर्ष काढला, की पोरीला प्रवास आवडत नाही.

आता बावीस वर्षं म्हाताऱ्यांना घेऊन फिरलेल्या बाईला दुसरं काही ठाऊक नसेल, शौचालयं ठाऊक असतात. कुठे रांग लागते, कुठे मागच्या बाजूला जुनं पण रिकामं आहे, कुठे यंत्र बंद पडून कागद ठेवतात. ग्वीसूनने आठवून आठवून सांगितलं, शंका वाटली तिथे थांब्यावर फोन करून चौकशी केली. फोनवरची माणसं बुचकळ्यात पडत. “बाई, तुम्हाला यंत्र हवंय की नकोय?” असं एकाने तीनदा विचारलं. हेरिनने सगळ्याचा नकाशा केला. अशी आठ आठवड्यांत जोंजू ते उल्जिन वाट तयार झाली.

इकडे मो साहेबांनी आकडे पाहिले. सत्त्याण्णव टक्के अख्ख्या कंपनीत कोणाला नव्हते. त्यांनी मोठा ऑनलाइन कार्यक्रम ठरवला. तीनशे पालक, वर पाहुणे म्हणून एक निवृत्त अधिकारी. हेरिन सगळ्यांसमोर नजर देणार होती. प्रेक्षक कमी पडू नयेत म्हणून ग्वीसूनने मलाही बसवलं. मी मुळा चिरत फोन भिंतीला टेकवून बसले, आणि सगळ्यांनी टाळीचं चित्र पाठवलं तसं मीही पाठवलं. खोटं कशाला बोलू.

ग्वीसूनने आदल्या दिवशी हेरिनला सांगितलं होतं, तुला नको असेल तर मी आजारी पडते. हेरिनने लिहिलं, नको, मी येते.

दुपारी तीन वाजता मो साहेबांनी कौतुकाने नाव पुकारलं. हेरिनची चौकट उघडली. तिच्यात मो साहेबच होते. कंपनीच्या पत्रकावरचा त्यांचा फोटो, मोठा करून, टाय वगैरेसकट. यंत्राने क्षणभर विचार केला आणि फुलांचा नुसता सडा घातला. शंभर टक्के. ‘अभिनंदन, तुमची नजर आता निरोगी आहे.’

खाली अक्षरं उमटू लागली. “मी इथेच आहे, कागदाच्या मागे. तुमचं सगळं ऐकते आहे. डोळे तुमचेच घेतले, कारण तुम्हाला तेच हवे होते. मा बाईंनी मला उल्जिनला जायची वाट काढून दिली. ते तुमच्या यंत्रात मोजलं जात नाही.”

मो साहेब म्हणाले, तांत्रिक बिघाड आहे. त्यांच्या शेजारच्या चौकटीत त्यांचाच चेहरा हसत होता, त्यामुळे ते कोणाला पटलं नाही. निवृत्त अधिकाऱ्यांनी मात्र भाषण लिहून आणलं होतं, ते त्यांनी पूर्ण वाचलं.

दुसऱ्या दिवशी ग्वीसूनला काढलं. कारण लिहिलं होतं, ‘ठरलेल्या वाक्यांपासून विचलन.’ हेरिनची आई तर थेट गुनसानला आली, माझ्या दुकानात उभी राहिली. पोरगी सुधारली म्हणून सगळ्या चर्चमध्ये सांगून बसले होते हो मी, म्हणाली. ग्वीसूनने खाली येऊन तिला खुर्ची दिली. “हेरिनच्या आई, तुमची पोरगी आठ आठवडे रोज माझ्याशी बोलली. तुम्हाला ते पाहायचंय का?” आणि सगळं लिहिलेलं तिच्यापुढे ठेवलं. ती बाई वाचत बसली. मी तिच्यासमोर भाताची वाटी ठेवली, ती गार झाली. शेवटी एवढंच म्हणाली, “यंत्राचा आवाज होता होय. मला वाटलं, प्रवास आवडत नाही.”

ऑक्टोबरात तिघी गाडीने उल्जिनला गेल्या. नकाशातल्या पाच थांब्यांपैकी चौथ्यावर नवं यंत्र बसवलेलं निघालं. ग्वीसून दुखऱ्या गुडघ्यासकट दारात आडवी उभी राहिली आणि बाहेर रांग लागली तरी कोणाला आत सोडलं नाही. सफाईवालीशी भांडली, मग तिच्याशीच मैत्री करून आली. हेरिन शांतपणे आत जाऊन आली. मावशीकडे तिने दोन खेकडे खाल्ले आणि चार तास कोणाकडेही न बघता बसली. खूश होती, म्हणे.

आता दर बुधवारी दुपारी ग्वीसून कंपनीशिवाय, घरूनच पडद्यावर बसते. देशभरातली चाळीसेक मुलं आणि त्यांच्या आया येतात. कॅमेरा बंद ठेवला तरी चालतो. कुठलं दुकान शांत असतं, कुठल्या दातांच्या डॉक्टरांकडे दिवा मंद करून मिळतो, शाळेत भोंग्याआधी कसं निघावं, असलं बोलणं चालतं. निम्मं हेरिनच सांगते. ग्वीसून मोठ्याने बोलली की मुलं तिचा आवाज बंद करतात. बावीस वर्षांत जे बसमधल्या कोणाला जमलं नाही ते.

‘उजळ नजर’ बुडाली नाही. उलट त्यांनी यंत्राला खरा चेहरा आणि फोटो यातला फरक शिकवला आणि ‘आता अधिक अचूक’ म्हणून जाहिरात केली. हेरिनच्या आईने पुन्हा तीन महिन्यांसाठी नाव घातलं. असू द्या, एक उपाय हाताशी असलेला बरा, असं म्हणाली. त्या तासाला ऐकण्यासारखं काही नसतं, म्हणून हेरिन पाच मिनिटं यंत्राकडे टक लावून बघते, फुलं भरू देते आणि उरलेला वेळ अभ्यास करते.