बळीरामभाऊची हार्ड डिस्क

महागाव-पुसद रस्त्यावर एक काळ असा होता की समोर एसटी उभी असली तरी माणसं ती जाऊ द्यायची आणि निंबाच्या सावलीत बळीराम मनवरच्या जीपची वाट बघत बसायची. एसटीत निदान टेकायला जागा मिळे. जीपमध्ये दुसऱ्याचं पोर मांडीवर आणि तिसऱ्याची पिशवी पायावर. तरी लोक जीपच धरायचे, कारण जीपमध्ये टेप होता.

टेप तसा बऱ्याच काळ्या-पिवळ्या जीपांमध्ये होता. पण बळीराम गाडीतली माणसं बघून गाणी लावायचा. सकाळच्या फेरीला भीमगीतं. बाजाराच्या दिवशी तांड्यावरच्या बाया चढल्या की त्यांच्या गोर बोलीतल्या लेंगी गाण्यांची कॅसेट. शाळा सुटल्यावर मास्तर लोक बसले की जुनी हिंदी गाणी. एखादं गाणं निम्म्यावर असताना पुसद आलं तर मागून कुणीतरी म्हणायचं, "बळीरामभाऊ, गाव आलं पण गाणं राह्यलं ना!" मग तो स्टँडच्या अलीकडे जीप कडेला घ्यायचा, आणि गाणं संपल्यावरच माणसं उतरायची.

या सगळ्यात एक आवाज मात्र रोज वाजायचा. तो त्याच्या मोठ्या बहिणीचा, कोकिळाचा. कोकिळाक्काची स्वतःची गायन पार्टी होती. ती गाणी रचायची, गायची, आणि बुद्धजयंतीला, चौदा एप्रिलला, कुठल्या विहाराच्या उद्घाटनाला गावोगाव तिला बोलावणं असायचं. पार्टीला नेणं-आणणं बळीरामच्या जीपनं. त्याची बायको नलू मागे बसून कोरस धरायची. बळीराम स्टेजच्या कडेला आपला टू-इन-वन ठेवायचा, लाल आणि काळं अशी दोन बटणं एकदम दाबायचा आणि कार्यक्रम भरून घ्यायचा. दुसऱ्या दिवशी तीच कॅसेट जीपमध्ये. "बाई कोण गाते हो?" असं कुणी विचारलं की तो आरशात बघून म्हणायचा, "माही अक्का." ते सांगताना त्याची मान जरा ताठ व्हायची. त्या जीपमध्ये आवाज ऐकून उमरखेडकडच्या लोकांनी अक्काला बोलावणी धाडली होती.

पुढे सगळं पांगत गेलं. मुलगी उर्वशी तिसरीत असताना नलू काविळीनं गेली. बळीरामनं दुसरं लग्न केलं नाही. उर्वशी शाळेतून आली की जीपच्या पुढच्या सीटवर बसायची, तिथंच अभ्यास करायची, तिथंच झोपायची. कॅसेटी गेल्या, सीडी आल्या, मग पेन ड्राइव्ह आले. जीप थकली. ती विकली तेव्हा टेपही तिच्यासोबत गेला. बळीरामनं एक जुनी व्हॅन घेतली आणि दवाखान्याच्या, लग्नाच्या फेऱ्या मारू लागला. अक्काच्या घशात गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण आवाज गेला. उरली ती नुसती कुजबुज. शेजारी बसलेल्या माणसालाही कान द्यावा लागे. त्यानंतर अक्का कार्यक्रमात मागच्या सतरंजीवर बसू लागली आणि पहिलं गाणं सुरू झालं की हळूच उठून घरी जाऊ लागली. घरात कुणी तिची जुनी कॅसेट काढली तर म्हणायची, "कायले मढं उकरता?"

उर्वशी शिकली आणि यवतमाळला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये लागली. गेल्या वर्षी दिवाळीला आली तेव्हा तिनं पलंगाखालचं खोकं ओढलं. कॅसेटींना भुरी चढली होती. काहींची रिळं बाहेर लोंबत होती.

"बाबा, हे मी घेऊन जाते."

"ने. पण फेकू नको."

तिनं फेकलं नाही. यवतमाळात जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून देणारा एक माणूस तिला सापडला. त्यानं गुंतलेली रिळं सोडवली, तुटलेली जोडली आणि सगळं एका हार्ड डिस्कमध्ये भरून दिलं. कॅसेटींच्या कव्हरांवर बळीरामनं जे जे लिहून ठेवलं होतं तीच नावं उर्वशीनं संध्याकाळी ड्यूटीवरून आल्यावर एकेक करून मराठीत टाइप केली. सगळं ऐकायला तिला कुठला वेळ! बाबांच्या वाढदिवसाला तिनं ती डिस्क हातात ठेवली. काळी, साबणाच्या वडीएवढी.

"यात तुमची अख्खी जीप आहे," ती म्हणाली.

बळीरामनं ती व्हॅनमधल्या गाण्यांच्या सेटला जोडली. डिस्कचा दिवा लुकलुकला, आतून टकटक असा आवाज आला आणि पडद्यावर इंग्रजीत उमटलं की काही जोडलेलंच नाही. त्यानं वायर काढून फुंकली, पुन्हा लावली. पुन्हा टकटक. पुसदच्या स्टँडजवळ रजत नावाच्या पोराचं गाडीचे सेट बसवण्याचं दुकान होतं, तिथं तो गेला.

रजतनं डिस्क उलटीपालटी करून बघितली. "काका, हिले पोटभर करंट लागते. सेट देतो चमचाभर. ते एक. दुसरं म्हंजे, हिच्यात गाणी ज्या पद्धतीनं ठेवली ती पद्धत या सेटले समजत नाही. फॉरमॅट मारा लागते."

"मंग मार."

"फॉरमॅट म्हंजे सगळं पुसून टाकणं असते, काका."

बळीरामनं त्याच्या हातातून डिस्क हिसकल्यासारखी घेतली. "पुसून? अरे, माणसं मेली यातली!"

"मंग पेन ड्राइव्हमध्ये भरून देतो ना. कायले ही वडी घेऊन फिरता?"

पण पेन ड्राइव्ह बळीरामच्या हाताला लाभत नव्हते. चिंचोक्याएवढी वस्तू, दोनदा खिशातून गळून पडले होते. तो तसाच परत आला. उर्वशीला फोन लावून झाली गोष्ट सांगितली. ती हसली. "बाबा, एक कॉपी माझ्याकडे आहे. पुसलं तरी जाणार नाही काही. बिनधास्त द्या त्याला."

तरीही रजतनं सगळी गाणी आधी आपल्या कॉम्प्युटरवर घेतली, मग डिस्क पुसली, मग परत भरली, तोवर बळीराम दुकानातल्या स्टुलावरून हलला नाही. मध्ये चहा आला तो निवून गेला. शेवटी रजतनं दोन शेपट्यांची वायर आणली, एक टोक सेटमध्ये आणि दुसरं चार्जिंगच्या भोकात घातलं, आणि व्हॅनमध्ये ढोलकी वाजली. जुन्या टेपची ती खरखर, मागे लोकांची कुजबुज, कुणाचं तरी पोर रडतंय. बळीरामनं स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि समोर बघत राहिला.

"पण नावं दिसत नाहीत, काका," रजत म्हणाला. खरंच, पडद्यावर नावांच्या जागी नुसते चौकोन होते. सेटला मराठी अक्षरं कळत नव्हती. "इंग्रजीत बदलून देऊ काय?"

"राहू दे. पोरीनं लिहिली ती."

अशी ती डिस्क गाडीत रुळली. कुठल्या चौकोनात काय आहे ते बळीराम अंदाजानं धरायचा. कधी लेंगी लावायला जावं आणि वंदना लागावी, असं व्हायचं. पॅसेंजर हसायचे. त्यालाही बरं वाटायचं.

फेब्रुवारीत अक्काची पुसदला तपासणी होती. बळीराम तिला घेऊन निघाला. अक्का पुढं बसली, डोक्यावरचा पदर खिडकीच्या वाऱ्यानं उडू नये म्हणून दातात धरून. ती गाडीत असली की तो सेट बंद ठेवायचा. पण त्या दिवशी महागाव मागे पडल्यावर तीच त्याच्या कानाजवळ झुकून म्हणाली, "लाव ना काही. माहं तेवढं लावू नको."

बळीरामनं चौकोन मोजत पुढं नेले आणि हिंदी गाण्यांचा म्हणून एक दाबला. खरखर झाली. ढोलकीचा ठेका आला. मग पेटी. हिंदी नव्हतं ते. लेकराला शाळेत घालायला रानातून तालुक्याला पायी निघालेल्या आईचं गाणं, अक्कानंच रचलेलं. बळीरामचा हात घाईनं बटणाकडे गेला.

अक्कानं त्याचं मनगट धरलं.

गाणारीचा आवाज बारीक होता, जरा घाबरा. पहिल्या ओळीला सूर खाली पडला, मग सावरला. बळीरामला वाटलं, अक्काचा घसा त्या दिवशी बसला असेल. त्यानं गाडीचा वेग कमी केला.

"तुहा आवाज असा काहून, अक्का?"

अक्कानं मान हलवली. काही बोलली, पण इंजिनात ते विरून गेलं. त्यानं गुंज गावाच्या अलीकडे गाडी एका बाभळीखाली घेतली आणि इंजिन बंद केलं. गाणं चालूच होतं.

"माहा नाही तो," अक्का कुजबुजली. "नलूचा हाय."

बळीराम तिच्याकडे वळला.

"नलू कुठं गात होती? कोरस धरत होती ती."

"एकदा गायली. फुलसावंगीकडं विहाराचं उद्घाटन होतं, आठवते? तू टेप चालू केला अन् गेलता."

त्याला आठवलं. भर दुपारी एक बाई बाळंतपणात अडली होती, आणि गावात त्याच्या जीपशिवाय गाडी नव्हती. तिला महागावला दवाखान्यात सोडून तो परत आला तोवर मंडप रिकामा झाला होता. त्या बाईची किंकाळी, तिच्या सासूनं रस्ताभर त्याच्या पाठीवर मारलेल्या थापा, "हाण बाप्पा, हाण!" हे सगळं त्याला लख्ख आठवलं. गाण्याचं काहीच आठवलं नाही.

"माहा घसा बसलता," अक्का सांगू लागली. थांबत, दम घेत. "लोक उठून जाऊन राह्यले होते. म्या नलूले म्हटलं, उभी राह्य. थरथर कापत होती. पण गायली पुरं."

"अन् मले सांगितलं नाही?"

"शपथ घातली मले तिनं. म्हणे, तुमच्या भावाले सांगू नका, जीपभर लोकायले ऐकवत फिरतीन." अक्काच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. "ती कॅसेट तू येताना जीपमध्ये लावली अन् टेपनं गिळली. रीळ तुटलं. मागं बसून नलू मले चिमटा काढून म्हणे, अक्का, सुटली मी!"

बळीराम हसला, आणि हसता हसता त्याचा चेहरा फिरला. त्यानं गळ्यातल्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं. नलूचा फोटो होता घरी, लग्नातला, आणि एक रेशनकार्डाचा. तिचं लुगडं होतं. तिचा आवाज कुठंच नव्हता. कधी कधी तो आठवायला जायचा आणि दुसऱ्याच कुणाचा आवाज कानात यायचा.

ते दोघं पुसदला उशिरा पोचले. डॉक्टरांनी तपासून सगळं ठीक असल्याचं सांगितलं. दवाखान्याच्या पायरीवर बसून बळीरामनं उर्वशीला फोन लावला. बोलताना त्याचं धड वाक्य होईना, तेव्हा त्यानं फोन अक्काकडे दिला. आणि अक्काचं काही पलीकडे ऐकू जाईना, तेव्हा तिनं तो परत त्याच्याकडे दिला. कसंबसं उर्वशीला कळलं.

"बाबा, ते गाणं माझ्याकडेही आहे. केव्हापासून आहे. मला वाटलं, कार्यक्रमातली सगळी आत्याचीच आहेत."

"मंग ऐक ना आता."

"एकटीनं नको. मी येते."

रविवारी ती पहिल्या एसटीनं आली. घरात कॉम्प्युटर नव्हता, आणि फोनवर तिला ऐकायचं नव्हतं. ती म्हणाली, गाडीतच ऐकू. मग तिघं व्हॅनमध्ये बसले. बळीरामनं त्याच रस्त्याला गाडी घातली, आणि शेतं लागल्यावर कडेला घेतली. कापूस वेचून झाला होता, नुसत्या पऱ्हाट्या उभ्या होत्या.

उर्वशी पुढं बसली होती. गाणं सुरू झालं तेव्हा तिनं डोळे मिटले नाहीत की काही नाही. ती सेटकडे टक लावून बघत होती, जणू त्या चौकोनांतून काही वाचता येईल. दुसऱ्या कडव्यात नलू ओळ विसरली. ढोलकी तेवढा ठेका रिकामी वाजली. मग पुढची ओळ आली.

संपल्यावर उर्वशीनं नाक ओढलं. "आई सुरात नव्हती ना, आत्या?"

"नव्हती," अक्का मागून म्हणाली. "पण ताल सोडला नाही तिनं."

"मला हा आवाज ओळखू नाही आला," उर्वशी म्हणाली. "मला वाटलं होतं, लगेच ओळखू येईल."

बळीरामनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "येते हळूहळू. मलेही आला नाही, बाई. अक्कानं सांगितलं तवा कळलं."

"पुन्हा लावा."

त्यानं पुन्हा लावलं. मग पुन्हा. तिसऱ्या खेपेला दुसरं कडवं आलं, नलू अडखळली, ढोलकी एकटी पडली, आणि मागच्या सीटवरून अक्कानं ती विसरलेली ओळ भरली. आवाज असा नव्हताच, नुसता श्वास होता. पण शब्द नीट, जागच्या जागी, ठेक्यात. उर्वशीनं वळून बघितलं. अक्का मांडीवर बोटांनी ताल धरून बसली होती.

मागून उसाच्या ट्रॅक्टरनं हॉर्न दिला. गाडी अर्धी डांबरावरच राहिली होती. बळीरामनं गिअर टाकला आणि ट्रॅक्टरला वाट दिली.