तळहातावर उभा राहिलेला नारळ

आडवा ठेवलेला नारळ माझ्या तळहातावर हळूहळू उभा राहिला... त्याची शेंडी आभाळाकडे झाली आणि मनगटापासून कोपरापर्यंत अशी झिणझिणी चढत गेली, की मी किंचाळायचंही विसरले. वैशाखातली सकाळ होती, केदारखेड्याच्या शिवारात नांगरलेल्या काळ्या ढेकळांचा तापू लागलेला वास होता, आणि भोवतीची पंधरा-वीस माणसं वाकून नारळाकडे बघत होती. मी तेव्हा अकरा वर्षांची होते.

खरं तर त्या दिवशी आले होते किसनबुवा पाणाडे. हातावर नारळ ठेवून शेतात फिरायचं आणि तो जिथे उभा राहील तिथे जमिनीखाली पाणी आहे असं सांगायचं, ही त्यांची विद्या. शाळेमागच्या शेतात त्यांनी जागा दाखवली आणि मग गंमत म्हणून जमलेल्या पोरांच्या हातावर एकेकदा नारळ ठेवला. कुणाच्याच हातावर तो हलला नाही. माझ्या हातावर मात्र तो त्यांच्या जागेपासून दहा पावलं पुढे उभा राहिला. बुवा शेतमालकाला म्हणाले, "हितंच खोद." चार परसांवर, म्हणजे चार पुरुष खोलीवर, पाणी लागलं.

आमच्या घरी या गोष्टीला जागा नव्हती. अण्णा, म्हणजे माझे वडील, गावच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली त्यांची पुस्तकं, आणि पुस्तकांना येणारा उदी कागदाचा कोरडा, थंड वास... "बोटं नकळत हलतात, बाळा. हात दमतो, नारळ कलतो. दुसरं काही न्हाई," ते म्हणाले. मी मान हलवली. पण हातात चढलेली झिणझिणी मला आठवत होती, आणि तिचं काय करायचं ते कळत नव्हतं.

मग माणसं येऊ लागली. ज्यांच्या विहिरीवर माझ्या आजीला घागर खाली ठेवून लांब उभं राहावं लागे, आणि ज्यांच्या घरची माणसं वरून तिच्या घागरीत पाणी ओतत, त्या घरचे रंगनाथकाका एके दिवशी आमच्या अंगणात आले आणि चप्पल बाहेर काढून उभे राहिले. "पोरीला जरा पाठवता का शेतात? जुनी विहीर आटून गेली." अण्णा प्रशिक्षणासाठी जालन्याला गेलेले होते. आई घुटमळली. मी गेले... खोटं कशाला सांगू, मला जायचं होतं. त्यांच्या बांधावरच्या लिंबाजवळ नारळ उभा राहिला. काकांनी तिथे मूठभर हळद टाकली आणि दुसऱ्या दिवशी खणायला सुरुवात केली.

अण्णा परतल्यावर हे ऐकून रागावले नाहीत. त्यांनी आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी घेतली, माझे डोळे बांधले आणि मला शाळेमागच्या त्याच शेतात नेलं. सात वेळा फिरवलं. सातही वेळा नारळ उभा राहिला, आणि सातही वेळा निराळ्या जागी. पट्टी सोडल्यावर अण्णांनी जमिनीवर मारलेल्या खुणा मी पाहिल्या. एकही खूण त्या विहिरीजवळ नव्हती. झिणझिणी मात्र दर वेळी खरी होती.

"आता कोणाला सांगायला पाहिजे?" अण्णांनी एवढंच विचारलं.

रंगनाथकाकांच्या शेतावर पोचलो तेव्हा मुरूम संपून काळा खडक लागला होता. सुरुंगाच्या दारूचा जळका, तिखट वास अजून हवेत होता. काकू वर टोपलं ओढत होत्या, काका खाली सहा परसांवर होते. ते वर आले. भुवयांपर्यंत दगडाची भुकटी. मी काठावर उभी राहून कसंबसं म्हटलं, "काका, मला काही कळत न्हाई. डोळे बांधले तर नारळ कुठंबी उभा राहतो. मी उगंच सांगितलं तुम्हाला."

मला वाटलं, ते ओरडतील. आमच्या घराला, आमच्या जातीला काहीतरी बोलतील. अण्णांनी माझा खांदा घट्ट धरला होता, म्हणजे त्यांनाही तेच वाटत असावं. काकांनी डोक्याचं फडकं सोडलं, तोंड पुसलं.

"मलाबी कुठं कळून राह्यलंय, पोरी," ते म्हणाले, आणि दोर धरून पुन्हा खाली उतरले.

नारळ उभा राहिला तेव्हा मी दचकले होते. पण या वेळी मी त्याहून जास्त हबकले. खालून घणाचे घाव येत राहिले. अण्णा वाकून म्हणाले, "रंगनाथराव, थांबा हो. पोर सांगून राह्यली ना." घण थांबला नाही. पावसाळा तोंडावर येईपर्यंत ते नऊ परस गेले. विहीर कोरडी निघाली.

पुढे मी भौतिकशास्त्र शिकले, जालन्याला शिक्षिका झाले. शाळेमागच्या विहिरीला पाणी का लागलं, हे मी आज फळ्यावर खडकाचे थर काढून सांगू शकते. तो माणूस पुन्हा खाली का उतरला, हे मात्र मला सांगता येत नव्हतं... अण्णा गेले तेव्हा काका भेटायला आले. फार वाकले होते. बायामाणसं पांगल्यावर मी धीर करून विचारलं, "काका, मी सांगायला आल्ते, तरी तुम्ही का खोदत राहिलात?"



"पाण्यासाठी न्हाई खोदलं मंग," ते म्हणाले. "तू एवढुशी पोर, बापापुढं, काकूपुढं 'मला काही कळत न्हाई' म्हणून गेलीस. तुझ्या आजीच्या घागरीत आम्ही वरून पाणी ओतायचो, ते आठवून मला लई लाज वाटली. तिथं वर उभं राहून तुझ्या बापाच्या डोळ्याला डोळा देता येईना, म्हणून उतरलो खाली. मंग रोज उतरत गेलो."

आईने आणून ठेवलेला चहा त्यांनी आमच्या कपातून, आमच्या ओट्यावर बसून, सावकाश संपवला. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. मला कळलं तेव्हा तिसरा दिवसही होऊन गेला होता.