टेबलाखालचा एमआरआय

माझी सात वर्षांची पुतणी आदल्या वर्षी फार आजारी पडली. तिच्याच शरीराची प्रतिकारशक्ती मेंदूवर उलटली होती. झटके आले, बोलणं थांबलं, मला ओळखेनाशी झाली. औषधांनी ती परत आली. मेंदूची सूज पूर्ण ओसरली का, हे आता एमआरआयमध्ये बघायचं होतं. औषधं कमी करायची की नाही, ते त्यावर ठरणार होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "न हलता पडून राहिली तर भूल द्यायला नको."

तिला न हलता पडायला शिकवायचं काम मी आनंदाने अंगावर घेतलं. जेवणाचं टेबल म्हणजे मशीन, त्यावर चादर. मशीन आवाज फार करतं म्हणून पेठेतल्या मंडळाची हलगी मागून आणली. मी कडकडाट करायचो, ती खाली ओंडक्यासारखी पडायची. हलगी थांबली की मी ओरडायचो, "शाब्बास रं वाघा!" आणि ती टुणकन बाहेर.

वहिनी म्हणाली, "भावजी, शेजारी विचारायलेत, लगीन कुणाचं हाय?"

दवाखान्यात कडं, घड्याळ, पट्टा, सगळं काढून मी तिच्या पायाशी बसलो. मशीन कडाडलं. पोरगी हलेना. मग आवाज थांबला आणि ती पाय आखडून बाहेर सरकू लागली.

काचेपलीकडून टेक्निशियन धावत आला. "अहो, हलली की! आत्ता कुठं पहिला फोटो चाललाय. परत हलली तर भूल देऊनच करावं लागंल."

हे मशीन थांबत थांबत वाजतं, ते मी कुणाला विचारलंच नव्हतं.

"काका, हलगी थांबली की," ती म्हणाली. चूक तिची नव्हतीच.

मी तिच्या पायाचा अंगठा धरला. "हा सोडला की खेळ संपला. तोवर मशीन बोंबलू दे नाहीतर गप्प बसू दे."

कंबर मोडेस्तोवर वाकून बसलो, तेही तोंड बंद ठेवून. शेवटी टेक्निशियनने हात दाखवला. मी अंगठा सोडला. ती हलेना. मी अंगठा हलवला.

"अगं, झालं! ऊठ!"

आतून आवाज आला, "शाब्बास रं वाघा कोण म्हणणार?"

मी असा ओरडलो की बाहेर बाकावर बसलेली वहिनी उठून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी जुना आणि नवा फोटो शेजारी लावला. जुन्यातले पांढरे डाग नव्यात नव्हते. "औषधं हळूहळू कमी करू," त्या म्हणाल्या. वहिनीने पदर डोळ्यांना लावला.

पुतणी फोटोला नाक लावून उभी होती. "ह्यात मी हलल्याली कुठं दिसतंय?"